‘सोपे’ कोणाला? : गृहसर्व्हरच्या भाषेची चिकित्सा

घरातील छायाचित्रे, दस्तऐवज, ध्वनिमुद्रणे व हिशेब घरातच ठेवलेल्या एका लहानशा संगणकावर साठवावेत आणि घरातील सर्वांनी आपापल्या फोनवरून वा संगणकावरून ते वापरावेत, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. अशा संगणकास ‘होम सर्व्हर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास गृहसर्व्हर म्हटले आहे. पूर्वी असा संगणक चालविणे हे जाणकारांचेच काम होते. आता फ्रीडमबॉक्स, यूनोहोस्ट, अंब्रेल, कासाओएस यांसारख्या तयार प्रणाली उपलब्ध आहेत, आणि त्यांच्या परिचयपर मजकुरात एक विशेषण हटकून आढळते, ते म्हणजे ‘सोपे’. या विशेषणाची भाषेच्या अंगाने चिकित्सा करावी, एवढाच येथे हेतू आहे. प्रणालींची तांत्रिक प्रतवारी लावणे हे आमचे काम नव्हे. तथापि एखादी वस्तू सोपी आहे असे विधान जेव्हा केले जाते, तेव्हा ते विधान प्रथमतः भाषेतले असते, आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकासही आहे.

मराठीत ‘सोपे’ हे विशेषण एकटे उभे राहत नाही. ‘पुस्तक जाड आहे’ या वाक्यास कोणतीही पुरवणी लागत नाही. परंतु ‘काम सोपे आहे’ असे म्हणताच दोन जागा रिकाम्या राहतात. कोणाला सोपे, आणि काय करावयास सोपे? पहिली जागा ‘ला’ प्रत्ययाच्या नामाची आणि दुसरी धातुसाधिताची. ‘मला पोहणे सोपे वाटते’ हे वाक्य पूर्ण होय. ‘पोहणे सोपे आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात अनुक्त ‘ला’ शिल्लक ठेवते. गृहसर्व्हरच्या जाहिरातींत व मार्गदर्शिकांत या दोन्ही जागा नियमाने रिकाम्या सोडलेल्या असतात. त्या भरून पाहिल्या म्हणजे विधान कोठपर्यंत खरे आहे आणि कोठून ते डळमळू लागते, हे स्पष्ट दिसते.

आधी ‘सर्व्हर’ या शब्दाचाच विचार करू. हा शब्द मराठीत पुस्तकांतून आला नाही. तो खिडकीपलीकडून आला. बँकेत, तलाठी कार्यालयात, रास्त भावाच्या दुकानात ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मराठी भाषिक आज विरळाच. म्हणजे बहुसंख्यांना हा शब्द परिचित झाला तो वस्तूच्या अभावातून: सर्व्हर म्हणजे जे नेहमी दुसरीकडे असते, जे कोणी पाहिलेले नसते आणि जे आत्ता चालत नसते. ‘पाऊस नाही’ या वाक्यात पावसाचा अनुभव गृहीत असतो. ‘सर्व्हर नाही’ या वाक्यात तसा कोणताच अनुभव गृहीत नाही. अशा शब्दामागे ‘गृह’ जोडताच ऐकणाऱ्यास अडखळल्यासारखे होते. ‘सेवक’ किंवा ‘सेवादाता’ असे प्रतिशब्द सुचविता येतात, पण त्यांनी ही अडचण दूर होत नाही. ‘सेवक’ म्हटल्यास घरगड्याची आठवण होते, आणि ‘सेवादाता’ म्हटल्यास पुन्हा एखाद्या कंपनीची. म्हणून आम्ही ‘सर्व्हर’ हाच रूढ शब्द ठेवला आहे.

हे अडखळणे केवळ मराठीपुरते नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली ‘विंडोज होम सर्व्हर’ बाजारात आणली, तेव्हा तिच्या प्रचारासाठी मुलांच्या चित्रपुस्तकाच्या थाटाची एक विनोदी पुस्तिका काढली होती. घरात सर्व्हर कशाला, असा मुलाने आईस विचारलेला प्रश्नच तिचे शीर्षक होता. इंग्रजी घरासही हा पाहुणा अनोळखीच वाटत होता, याचा हा पुरावा. या प्रणालीचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. अनेक तबकड्या एकत्र करून त्या एकच साठा म्हणून दाखवावयाच्या, ही तिची सर्वांत सोपी वाटणारी सोय. याच सोयीतील दोषामुळे काही परिस्थितींत साठविलेल्या फाइली बिघडत असल्याचे पहिल्याच वर्षी आढळून आले आणि २००८च्या मध्यास दुरुस्ती उपलब्ध झाली. पुढे २०११च्या आवृत्तीतून ती सोयच काढून टाकण्यात आली, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी त्या आवृत्तीचा आधारही संपला. ज्यांनी ‘मांडावयास सोपे’ म्हणून ही प्रणाली घरी आणली, त्यांना ‘सोडावयास सोपे’ आहे किंवा कसे याची विचारणा करण्याचे भान प्रारंभी असण्याचे कारण नव्हते. धातुसाधिताची जागा रिकामी राहते म्हणजे काय होते, ते येथे दिसते.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू, आणि उदाहरणादाखल फ्रीडमबॉक्स घेऊ. कोलंबिया विद्यापीठातील विधीचे प्राध्यापक एबेन मॉग्लेन यांनी २०१० साली न्यूयॉर्क येथे दिलेल्या एका व्याख्यानातून या प्रकल्पाची प्रेरणा मिळाली आणि २०११ मध्ये त्यासाठी प्रतिष्ठान स्थापन झाले. डेबियन या मुक्त प्रणालीवर तो आधारलेला आहे. मांडणीचा पूर्वार्ध खरोखरच सोपा आहे, हे मान्य केले पाहिजे. तयार प्रतिमा स्मृतिपत्रावर उतरवावयाची, ते पत्र लहानशा संगणकात घालावयाचे, तो संगणक वायरीने राउटरला जोडावयाचा, आणि काही मिनिटांनी घरातील दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘फ्रीडमबॉक्स डॉट लोकल’ असे नाव लिहावयाचे. एवढ्याने पान उघडते. प्रशासकाचे नाव व संकेतशब्द ठरविला की पुढील उपयोजने एकेका बटणाने बसविता येतात.

येथे ‘फ्रीडमबॉक्स डॉट लोकल’ हे नाव कोणत्या प्रकारचे, याचा विचार भाषाभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. हे नाव कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते. एखादा संगणक हे नाव विचारतो, तेव्हा तो प्रश्न घरातील जालावर सर्वांना उद्देशून टाकला जातो, आणि ज्याचे ते नाव असेल तो स्वतःच ‘मी येथे आहे’ असे उत्तर देतो. ही पद्धत २०१३ साली प्रमाणित झाली. माजघरातून ‘दादा आहे का रे?’ अशी हाक मारावी आणि दादाने माडीवरून ‘ओ’ द्यावी, असाच हा व्यवहार होय. हाक घराबाहेर जात नाही, आणि शेजारच्या घरातील दादा तिला ओ देत नाही.

घरातील अंकात्मक पत्त्यांचीही तीच गत. १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते १९९६च्या एका निर्णयान्वये खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जगातील कोट्यवधी घरांत राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच असतो, तरी गोंधळ होत नाही. याचे कारण हे पत्ते विशेषनामांप्रमाणे वागत नाहीत; ते ‘आई’, ‘बाबा’, ‘येथे’, ‘हा’ या शब्दांप्रमाणे वागतात. ‘आई’ हा शब्द प्रत्येक घरात एकच, परंतु त्याने निर्दिष्ट होणारी व्यक्ती घरागणिक निराळी. ती कोण हे बोलणारा कोणत्या घरात उभा आहे यावरून ठरते. व्याकरणात ज्यांना दर्शक वा संदर्भनिष्ठ शब्द म्हणतात, त्यांचेच हे अंकरूप होय. भाषेतील दर्शकांबाबत जे खरे, ते येथेही खरे: घरात त्यांच्याइतके सोपे काही नाही, कारण ते शिकावे वा लक्षात ठेवावे लागत नाहीत, आणि घराबाहेर त्यांच्याइतके निरुपयोगी काही नाही. स्थानकावर हरवलेले मूल ‘माझी आई’ एवढेच सांगत राहिले तर पोलिसास त्याचा उपयोग होत नाही. त्यास नाव व गाव हवे असते.

फ्रीडमबॉक्सचा सोपेपणा या उंबरठ्यापर्यंत अबाधित आहे. (कोल्हापूर-सातारा भागात जुन्या घराच्या पुढल्या पडवीस ‘सोपा’ म्हणतात. हे केवळ ध्वनिसाम्य आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण प्रस्तुत विषयात ते आठवल्यावाचून राहत नाही.) पुण्यातील घरात ठेवलेली छायाचित्रे नागपुरातील मुलीस पाहता यावीत, अशी इच्छा झाली की दर्शकांचे राज्य संपते आणि विशेषनामांचे सुरू होते. सार्वजनिक पत्ता लागतो. तो जगात एकमेव असावा लागतो, आणि असे पत्ते जुन्या पद्धतीत एकंदर सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते पुरेनासे झाल्यामुळे अनेक इंटरनेट-पुरवठादार शेकडो घरांमिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात; २०१२ साली तर पुरवठादार व घर यांच्या मधल्या टप्प्यासाठीही निराळे पत्ते राखून ठेवण्यात आले. अशा घरास बाहेरून हाकच मारता येत नाही. घरातून बाहेर पत्र जाते, त्याचे उत्तरही येते. परंतु बाहेरच्याने आपण होऊन दार ठोठावावयाचे म्हटले तर दार कोणते हेच त्यास कळत नाही. नव्या, १२८ अंशांच्या पद्धतीत ही टंचाई नाही, आणि भारतात तिचा प्रसारही पुष्कळ झाला आहे. तरी राउटर बाहेरून येणारी हाक बहुधा अडवून धरतो, तेव्हा दार उघडण्याचे काम राहतेच.

या टप्प्यावर फ्रीडमबॉक्स गृहस्थास एक प्रश्न विचारते, आणि त्याचे पर्याय प्रथमपुरुषी वाक्यांत देते. माझा पत्ता सार्वजनिक आहे पण तो बदलू शकतो; माझा पत्ता सार्वजनिक असून बदलत नाही; मला सार्वजनिक पत्ता नाही; आणि माझा पुरवठादार कोणत्या प्रकारची जोडणी देतो हे मला ठाऊक नाही — असा त्या चार पर्यायांचा आशय आहे. या चार वाक्यांवर थोडे थांबले पाहिजे. यंत्र येथे गृहस्थाच्या तोंडी वाक्ये घालते आणि त्यांपैकी एकास साक्षीदाराप्रमाणे दुजोरा देण्यास सांगते. पहिल्या तीन वाक्यांतील वस्तुस्थिती गृहस्थाच्या स्वाधीन नाही; ती पुरवठादाराच्या स्वाधीन आहे, आणि अनेकदा ती त्याच्या पावतीवरही लिहिलेली नसते. ‘मला सार्वजनिक पत्ता आहे’ या वाक्यात ‘मला’ हे रूप स्वामित्व सुचविते, पण ते स्वामित्व प्रत्यक्षात भाड्याचे असते. चौथे वाक्य मात्र प्रामाणिक आहे. ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याची मोकळीक सॉफ्टवेअरच्या भाषेत इतकी दुर्मिळ की ती देणाऱ्यांचे कौतुक केले पाहिजे. हा पर्याय निवडणाऱ्यास अधिकात अधिक सावधपणाच्या कृती सुचविल्या जातात. आमच्या मते, या प्रणालीतील खरा सोपेपणा ‘आपोआप’ या शब्दात नसून या चौथ्या वाक्यात आहे: रिकाम्या राहिलेल्या ‘कोणाला?’ या प्रश्नाचे उत्तर येथे प्रथमच दिलेले दिसते. ज्यास ठाऊक नाही, त्यास.

तथापि याच प्रणालीत एक विसंगती आहे, आणि ती अगदी पहिल्याच पायरीवर भेटते. ब्राउझरमध्ये घरचे पान प्रथम उघडताच ब्राउझर धोक्याची सूचना देतो: हा संपर्क खाजगी नाही, कोणी तुमची माहिती चोरू शकेल. मार्गदर्शिका सांगते की, सूचनेकडे दुर्लक्ष करून पुढे जावे. कारण तांत्रिक आहे. घरच्या यंत्राने स्वतःची ओळख स्वतःच सही करून दिलेली असते, आणि तिऱ्हाइताने साक्षांकित न केलेली ओळख ब्राउझर मानीत नाही. तिऱ्हाइताचे प्रमाणपत्र २०१५च्या अखेरीपासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेकडून विनामूल्य मिळू लागले आहे, परंतु ते सार्वजनिक नावास मिळते; केवळ घरात चालणाऱ्या हाकेच्या नावास मिळत नाही. म्हणजे जे यंत्र आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच फळीवर आहे त्यास ब्राउझर संशयित ठरवितो, आणि हजारो मैलांवरील ज्या यंत्राचा मालक आपण कधी पाहिलेला नाही त्यास निर्धोक म्हणतो. ‘विश्वास’ या शब्दाचा हा पारिभाषिक अर्थ व्यवहारातील अर्थाच्या नेमका उलट आहे. नव्या माणसास हे समजावून न सांगता नुसते ‘पुढे जा’ म्हणणे म्हणजे धोक्याच्या सूचना वाचू नयेत असा पहिला धडा देणे होय. ही सूचना का येते, हे चार वाक्यांत सांगता येते. ती चार वाक्ये मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावरच हवीत.

आता कर्त्याचा प्रश्न. स्वतःच्या यंत्रावर सेवा चालविण्यास इंग्रजीत जो शब्द आहे त्याच्या मुळाशी ‘होस्ट’ म्हणजे यजमान आहे. २०१२ साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या यूनोहोस्ट या प्रणालीचे नाव तर ‘तू स्वतः यजमान का होत नाहीस?’ अशा अर्थाच्या, मुद्दाम मोडक्या इंग्रजीतील प्रश्नावरून घडविलेले आहे. ‘होस्ट’च्या मागील लॅटिन शब्द यजमान व पाहुणा या दोहोंसही लागू होई. आपला ‘यजमान’ शब्द अशा संदिग्धतेस वाव देत नाही. यज् धातू उभयपदी आहे, क्रियेचे फळ कर्त्यास मिळत असेल तर असे धातू आत्मनेपद घेतात, असे पाणिनीने अष्टाध्यायीत (१.३.७२) सांगितले आहे. ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतो म्हणून तो ‘यजति’. ज्याच्यासाठी यज्ञ होतो तो ‘यजते’, आणि त्या आत्मनेपदी धातूचे वर्तमानकालवाचक रूप ते ‘यजमान’. म्हणजे हाताने कृती कोणी केली यापेक्षा फळ कोणास मिळते, यावर हा शब्द उभा आहे. गृहसर्व्हरचा सारा खटाटोप ज्या हेतूने, तोच हा. परक्या कंपनीच्या यंत्रावर छायाचित्रे ठेवणारा गृहस्थ तेथे पाहुणा असतो; फळाचा बराचसा भाग कंपनीकडे जातो.

मराठीत आत्मनेपद उरले नाही, पण तो भेद उरला आहे. तो ‘देणे’ व ‘घेणे’ या सहायक क्रियापदांनी दाखविला जातो. ‘त्याने सर्व्हर लावून दिला’ म्हणजे फळ दुसऱ्यास. ‘त्याने सर्व्हर लावून घेतला’ म्हणजे फळ स्वतःस. मात्र ‘लावून घेतला’ हा प्रयोग संदिग्ध आहे. त्याने स्वतः, स्वतःसाठी लावला, असाही अर्थ होतो. दुसऱ्या कोणाकडून लाववून घेतला, असाही होतो. सोप्या प्रणालींनी नेमकी हीच संदिग्धता व्यवहारात आणली आहे. बटण दाबणारा गृहस्थ म्हणतो, ‘मी सर्व्हर लावून घेतला’, आणि हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरे असते. यात गैर काही नाही. यजमानाने मंत्र पाठ केलेले असलेच पाहिजेत असा कोणाचाही आग्रह नव्हता. परंतु ऋत्विजाचे नाव तरी यजमानास माहीत असे, आणि उद्या काही अडले तर त्याचे घरही माहीत असे.

अडते तेव्हा भाषा कशी बदलते, ते पाहावे. ‘फोटो उडाले’, ‘नेट गेले’, ‘डेटा गेला’: ही सर्व क्रियापदे अकर्मक असून त्यांत कर्त्यास जागाच नाही. लावून ‘घेतला’ म्हणणारा गृहस्थ फोटो ‘उडविले’ असे म्हणत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण बहुतेक वेळा त्याने काही केलेले नसतेच. काही न करणे हेच कारण असते. अचानक वीज गेल्याने स्मृतिपत्र खराब होणे ही आपल्याकडील नित्याची बाब; इन्व्हर्टर आणि महत्त्वाच्या फाइलींची दुसऱ्या तबकडीवर ठेवलेली प्रत, शक्य तर दुसऱ्या घरात ठेवलेली प्रत, हाच त्यावर उपाय. मराठीत ‘बॅकअप घेणे’ असा प्रयोग रूढ झाला आहे आणि त्यातील ‘घेणे’ अर्थपूर्ण आहे. पण त्याच्या जोडीचा, म्हणजे ती प्रत परत उतरवून पाहण्याचा, शब्द बोलण्यात रूढ झालेला नाही. ज्या कृतीस शब्द नाही ती कृती घरोघर होत नसावी, असे अनुमान केल्यास ते फारसे चुकणार नाही. ‘उतरवून पाहणे’ हा साधा शब्द येथे सुचवावासा वाटतो. नवे उपयोजन ‘चढविले’ असे लोक म्हणतातच. त्याच्या जोडीस तो शोभतो.

आमच्या दृष्टीने खरी चिंता आहे ती येथे. घरात असा सर्व्हर मांडणारा बहुधा एकच असतो, आणि तो इंग्रजी वाचणारा, बहुधा तरुण मुलगा वा मुलगी असते. नोकरीनिमित्त ती व्यक्ती बेंगळुरूस वा परदेशी गेली की आजोबांच्या जमिनीचे उतारे, आजीच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे आणि लग्नाची छायाचित्रे कपाटावरील एका मिणमिणत्या पेटीत राहतात. ती पेटी काय आहे हे घरातील इतरांस सांगता येत नाही. परक्या कंपनीकडे ठेवलेली वस्तू जितकी परकी, तितकीच हीही परकी होते. ‘सोपे’ या शब्दाच्या रिकाम्या जागेत त्या एकट्याचेच नाव लिहिलेले होते, हे त्या वेळी उमगते.

भाषांतराने हे भागेल काय? केवळ भाषांतराने नाही. शासकीय वळणाची मराठी येथे अपुरी पडते: ‘प्रमाणीकरण अयशस्वी’, ‘संरूपण जतन करण्यात आले’ अशी वाक्ये ज्यास मुळातील इंग्रजी वाक्य ठाऊक आहे त्यासच कळतात, आणि त्यास ती नकोच असतात. ‘संकेतशब्द जुळला नाही’, ‘तुम्ही केलेले बदल ठेवले’ एवढे म्हटले तरी काम होते. तेलुगूचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. फ्रीडमबॉक्सच्या पडद्यावरील मजकूर तेलुगूत उतरविण्याचे पुष्कळ काम झाले आहे, आणि ते करणाऱ्यांपैकी काहींचा प्रत्यक्ष गावांत जाऊन अशी यंत्रे मांडण्याशीही संबंध होता. वाक्य कोणासमोर वाचले जाणार हे भाषांतरकारास ठाऊक असले म्हणजे शब्दनिवड आपोआप बदलते.

आपल्या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस परिभाषेवर प्रबंधिका लिहावयास सांगितली की ते कोशांतील प्रतिशब्दांची तुलना करतात. त्याऐवजी एखाद्या विद्यार्थ्याने एखादी अशी प्रणाली घ्यावी, घरातील इंग्रजी न वाचणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीस समोर बसवावे, आणि उंबरठ्यावरील ते चार पर्याय मराठीत समजावून सांगताना आपण कोणते शब्द वापरले, कोठे थांबलो, कोणत्या शब्दावर समोरच्याने प्रतिप्रश्न केला, याची नोंद ठेवावी. घर सोडण्यापूर्वी एका वहीत, घरातील सर्वांना वाचता येईल अशा मराठीत, पेटी कोठे आहे, संकेतशब्द कोठे ठेवला आहे, दुसरी प्रत कोणाकडे आहे आणि ती उतरवून कशी पाहावयाची, हेही त्याने लिहून ठेवावे. ती वही प्रबंधिकेस परिशिष्ट म्हणून जोडण्यास विभागाची हरकत नसावी.